दंतवैद्य नसताना : बुलढाणा जिल्ह्यातील दातदुखी, डॉक्टर आणि कायदा

बुलढाणा जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास पटकी, प्लेग, हिवताप आणि दुष्काळ या मोठ्या आपत्तींच्या आधारे सांगितला जातो, आणि त्या आपत्तींनी घेतलेले बळी पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु माणसाला रात्री-अपरात्री दवाखान्याची पायरी चढायला लावणाऱ्या दुखण्यांमध्ये दाढेच्या ठणक्याचे स्थान फार जुने असूनही त्याकडे इतिहासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले गेले. दात हे दंतवैद्याचे काम, ही आजची समजूत मोठ्या शहरांतून आलेली आहे. वऱ्हाडातील खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या आधी वैदू व न्हावी यांनी, नंतर सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केले. कायद्याने ही सोय अपवाद म्हणून मान्य केली. मात्र बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तो अपवादच दीर्घकाळ नियम होऊन राहिला, आणि अपवाद समजल्यामुळेच त्या कामासाठी लागणारे शिक्षण, साधने आणि मान्यता त्याच्या वाट्याला पुरेशी आली नाहीत.

जिल्ह्याची भौगोलिक रचना ध्यानात घेतल्याशिवाय हा इतिहास उलगडत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडले असून लोकही बोलताना घाटावरचे आणि घाटाखालचे असा भेद करतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे तालुके घाटावर, तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्याच्या बाजूला आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यानंतर कापसाच्या व्यापारासाठी आलेली रेल्वे घाटाखालून गेली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावे १८६० च्या दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्गावर आली आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा निघाला. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले, तेव्हा प्रशासन घाटावर आणि रेल्वे व मोठा व्यापार घाटाखाली अशी जिल्ह्याची घडण पक्की झाली. खामगाव-जालना लोहमार्गाची जुनी मागणी आजवर पूर्ण झालेली नसल्याने मेहकर, लोणार किंवा सिंदखेडराजाच्या रुग्णाला मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे जायचे तर आधी बैलगाडीने आणि पुढच्या काळात एसटीने बराच प्रवास करावा लागे. अशा ठिकाणी जवळ जो मिळेल त्याच्याकडून दाढ काढून घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरत होता.

आधुनिक दवाखाने येण्यापूर्वी दाताच्या दुखण्यावरचे उपचार तीन स्तरांवर चालत. पहिला स्तर घरचा: लवंग किंवा अक्कलकाढा दाढेखाली धरणे, किडलेल्या दाढेत हिंग भरणे, मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्याने गुळण्या करणे. दुसरा स्तर गावात येणाऱ्या वैदूंचा. भटकंती करत जडीबुटी विकणारा हा समाज दाताची औषधेही देई. तिसरा स्तर न्हाव्याचा, कारण वस्तरा आणि चिमटा ज्याच्याकडे असे त्याच्याकडेच गळू फोडणे, काटा काढणे आणि हलणारा दात उपटणे ही कामे आपोआप येत. या सर्वांमागे दाताला कीड लागते म्हणजे त्यात खरोखरचा किडा शिरतो, ही समजूत होती आणि ती केवळ भारतापुरती नव्हती; प्राचीन मेसोपोटेमियापासून युरोपपर्यंत ती पसरलेली होती आणि फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात तिला विरोध केला. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर दाढेला देण्याचा उपाय याच समजुतीवर उभा होता. धुराने किडा बाहेर पडतो असे मानले जाई.

शास्त्रीय परंपरेत मात्र दाताचा विचार पुष्कळ खोलवर झालेला होता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शालाक्यतंत्र म्हणजे मानेच्या वरच्या अवयवांची चिकित्सा. डोळे, कान, नाक, घसा आणि मुख यांचे रोग त्यात येतात. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ दिली असून त्यांत हिरड्यांचे आणि दातांचे रोग स्वतंत्रपणे वर्गीकृत केले आहेत, आणि यंत्रशस्त्रांमध्ये दाताच्या कामासाठी दंतशंकू नावाचे उपकरण सांगितले आहे. त्याच ग्रंथात वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, कारण अतिरक्तस्रावातून गंभीर उपद्रव होतात, असा इशारा आहे. त्यामागची कारणमीमांसा आजच्या शास्त्राला मान्य होणार नाही. परंतु दात उपटणे ही क्षुल्लक बाब नसून जिवावर बेतू शकणारी शस्त्रक्रिया आहे, ही जाणीव त्या इशाऱ्यात स्पष्ट दिसते आणि पुढच्या सगळ्या इतिहासाला ती लागू पडते.

इंग्रजी अमलात प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्यसेवेच्या शिरोभागी सिव्हिल सर्जन हा अधिकारी असे, आणि आजचे ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ हे पद त्याच परंपरेतून आलेले आहे. त्याच्या हाताखाली तालुक्याच्या गावातील दवाखाने असत व ते बहुधा हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे वैद्यकशाळेत काही वर्षे शिकलेले आणि पुढे सब-असिस्टंट सर्जन म्हणून ओळखले गेलेले डॉक्टर, चालवीत. या डॉक्टरांकडून बाळंतपणापासून शवविच्छेदनापर्यंत सर्व कामांची अपेक्षा केली जाई आणि दात काढणे त्यातच मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही दात काढण्यासाठी किल्लीसारखे फिरवायचे हत्यार वापरले जाई, ज्याने पुष्कळदा जबड्याचे हाड दुखावे. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन टोम्स यांनी प्रत्येक दाताच्या मानेच्या आकाराला बसेल अशा चोचीचे चिमटे तयार करवून घेतले आणि त्या घडणीचे चिमटे पुढे जगभर रूढ झाले.

चिमटा हाती असला तरी कौशल्य सहज येत नाही. वरच्या दाढेला साधारणपणे तीन आणि खालच्या दाढेला दोन मुळे असतात, त्यामुळे दाढ सरळ ओढून निघत नाही. चिमट्याची चोच हिरडीखाली सरकवून दात वरच्या भागाशी नव्हे तर मुळाजवळ पकडावा लागतो, डाव्या हाताने जबडा सावरावा लागतो, आणि गालाच्या व जिभेच्या दिशेने सावकाश हलवून हाडाची खोबण रुंद झाल्यावरच दात बाहेर घ्यावा लागतो. घाई झाली की दाताचा वरचा भाग तुटून हातात येतो आणि मूळ आत राहते; मग रुग्णाचा ठणका थांबत नाही आणि पुढचे काम दुप्पट कठीण होते. दात निघाल्यानंतर घडी केलेला गॉज त्या खड्ड्यावर ठेवून अर्धा तास दाबून धरायला लावणे आणि त्या दिवशी जोराने चूळ भरू न देणे, कारण खड्ड्यात साकळलेले रक्त हेच जखमेचे खरे झाकण असते, हा धडाही दंतशाळेत न गेलेल्या डॉक्टरला अनुभवातूनच शिकावा लागे.

या कामातील सर्वांत मोठा प्रश्न भुलीचा होता. १८४६ मध्ये बोस्टनचे दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल जाहीरपणे दाखवली आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म वापरात आला. तथापि लहान दवाखान्यात एका दाढेसाठी क्लोरोफॉर्म देण्याचा धोका दाढेच्या दुखण्याहून मोठा होता. १८८४ मध्ये कोकेनने, १९०५ च्या सुमारास प्रोकेनने आणि १९४८ मध्ये बाजारात आलेल्या लिडोकेनने, म्हणजे भारतात झायलोकेन या नावाने परिचित झालेल्या औषधाने, फक्त दुखरी जागा बधिर करण्याची सोय झाली. वरच्या जबड्याचे हाड पातळ असल्याने मुळाशेजारी सुई दिली तरी पुरते. खालच्या दाढांसाठी मात्र जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरणाऱ्या मज्जातंतूपाशी औषध पोहोचवावे लागते आणि त्यासाठी शरीररचनेचे ज्ञान व सराव दोन्ही लागतात. ज्या डॉक्टरला ही सुई देता येई त्याच्या हातून रुग्ण निर्धास्तपणे दाढ काढून घेई, आणि ज्याला येत नसे त्याच्यासमोर रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवण्याची पाळी येई.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉक्टरांची जी फळी उभी राहिली तिच्यात नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचा मोठा वाटा होता. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून एल. एम. पी., म्हणजे वैद्यकव्यवसायाचा परवाना देणारी पदविका, घेऊन बाहेर पडलेले डॉक्टर प्रांतभर सरकारी सेवेत आणि खासगी व्यवसायात गेले. दंतवैद्यकाचे शिक्षण त्या मानाने फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी सुरू झाले: डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये आले. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर दंतवैद्य तीन लाख लोकांमागे एक, म्हणजे साऱ्या देशात जेमतेम १,००० होते. हे थोडे दंतवैद्यही मोठ्या शहरांतच एकवटलेले असल्याने बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात दाताच्या दुखण्याचा भार सर्वसाधारण डॉक्टरवरच पडणार, हे उघड होते.

या पार्श्वभूमीवर १९४८ चा दंतवैद्य कायदा वाचला म्हणजे त्यातील तरतुदींचा अर्थ उमगतो. या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू केली. तिच्या ‘अ’ भागात मान्य पदवी घेतलेले आणि ‘ब’ भागात पदवी नसली तरी दीर्घकाळ याच व्यवसायावर उपजीविका केलेले दंतवैद्य नोंदले गेले. नोंदणी नसलेल्याला दंतव्यवसाय करण्यास बंदी घालताना कलम ४९ ने तीन अपवाद मात्र ठेवले. पहिला अपवाद नोंदणीकृत डॉक्टरने केलेल्या दंतचिकित्सेचा. दुसरा, प्रसंग तातडीचा असून नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल तर कोणत्याही व्यक्तीने दात काढण्याचा, परंतु त्यासाठी सार्वत्रिक किंवा स्थानिक भूल देता कामा नये. आणि तिसरा, सार्वजनिक किंवा स्थानिक निधीवर चालणाऱ्या रुग्णालयात अथवा दवाखान्यात होणाऱ्या दंतोपचारांचा.

या अपवादांचे मूळ ब्रिटनच्या १९२१ च्या दंतवैद्य कायद्यात सापडते, पण दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे. तेथे तातडीच्या वेळी दात काढण्याची मुभा नोंदणीकृत औषधविक्रेत्याला होती, आणि तीही डॉक्टर व दंतवैद्य हे दोघेही उपलब्ध नसतील तेव्हाच. भारतीय कायद्याने त्या जागी कोणतीही व्यक्ती हा शब्दप्रयोग केला, कारण खेड्यात प्रशिक्षित औषधविक्रेताही नव्हता आणि बहुसंख्य लोकांची दाढ प्रत्यक्षात न्हावी किंवा घरातले वडीलधारे माणूसच काढत होते. भूल न देण्याच्या अटीमागचा हेतूही विचारपूर्वक ठेवलेला दिसतो: सुई आणि भूल अप्रशिक्षिताच्या हाती पडणे हाच मोठा धोका होता, आणि बिनभुलीची दाढ माणूस अगदी नाइलाज झाल्याशिवाय काढून घेत नसल्याने त्या मुभेचा धंदा होण्याला आपोआप मर्यादा पडत होती. डॉक्टरच्या बाबतीत मात्र कायद्याने कोणतीही अट घातली नाही. डॉक्टरला दात काढण्याचा अधिकार पूर्ण दिला गेला. त्या अधिकाराला पुरेसे पडेल असे शिक्षण देण्याची जबाबदारी मात्र त्या कायद्याने कोणावरही टाकली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन घडामोडींनी जिल्ह्यातील डॉक्टरांच्या या कामाचे स्वरूप बदलले. पहिली घडामोड प्रतिजैविकांची: पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि दाढेच्या मुळाशी साचलेल्या पुवापासून पसरणाऱ्या जंतुसंसर्गावर देशी बनावटीचे प्रभावी औषध मिळू लागले. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला विकार, ज्यात खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली व हनुवटीखाली पसरून जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडून रुग्ण दगावू शकतो, त्यावर प्रतिजैविके येण्यापूर्वी फारसा इलाज नव्हता. दुसरी घडामोड आरोग्यव्यवस्थेची: १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली, १९६० मध्ये वऱ्हाड महाराष्ट्रात आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन होऊन ही केंद्रे त्यांच्याकडे आली. केंद्राचा वैद्यकीय अधिकारी हा आता गावाच्या सर्वांत जवळचा शिकलेला डॉक्टर झाला. एम. बी. बी. एस. डॉक्टर खेड्यात टिकत नसल्याने महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांनाही या पदांवर नेमले गेले, आणि शालाक्यतंत्र शिकलेला वैद्य पुन्हा एकदा खेड्यातील दातदुखीच्या समोर उभा राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये शालाक्याच्या पदव्युत्तर शिक्षणात दात काढणे व मूळनलिका उपचार, म्हणजे दात न काढता त्याच्या आतील सडलेला भाग साफ करून तो भरणे, यांचा समावेश करणारी अधिसूचना निघाली आणि भारतीय वैद्यक संघटनेने तिला विरोध केला. तो वाद पात्रतेचा असला तरी त्याच्या तळाशी खेड्यातील तीच जुनी उणीव होती.

दंतवैद्यकाचे शिक्षण विदर्भात सरकारी पातळीवर आले ते १९६८ मध्ये, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या रूपाने. मराठवाड्यात औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, महाविद्यालय १९८२ चे. बुलढाण्याहून नागपूर रस्त्याने सुमारे साडेतीनशे आणि संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर असल्याने घाटावरच्या रुग्णाला विदर्भातल्या नागपूरपेक्षा मराठवाड्याचे शहर जवळचे पडले. पुढे अमरावती आणि अकोल्यातही दंत महाविद्यालये झाली, देशातील दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेच्या पुढे गेली, आणि खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा अशा गावांत खासगी दंतवैद्य बसू लागले. जिल्हा सामान्य रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि काही ग्रामीण रुग्णालये येथपर्यंत दंतशल्यचिकित्सकाची कल्पना पोहोचली; प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रचनेत मात्र दंतवैद्याला स्थान मिळाले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ लोकसंख्या असलेल्या आणि बहुसंख्य लोक खेड्यांत राहणाऱ्या या जिल्ह्यात रात्रीच्या वेळी सुजलेला गाल घेऊन येणाऱ्या रुग्णासमोर म्हणूनच आजही बहुधा वैद्यकीय अधिकारीच असतो.

अशा वेळी डॉक्टरकडून कोणती अपेक्षा रास्त आहे, हे या इतिहासातून बरेचसे ठरवता येते. दाढ काढणे हे त्याचे पहिले कर्तव्य नव्हे; ठणका आणि संसर्ग आटोक्यात आणणे, पू साचला असेल तर त्याला वाट करून देणे आणि ज्याचा श्वास, गिळणे किंवा तोंड उघडणे अडले आहे त्याला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवणे हे पहिले. अपघातात समूळ निघालेला पक्का दात न घासता, मुळाला हात न लावता, नुसता धुऊन तासाभरात जागेवर बसवला किंवा दुधात ठेवून दंतवैद्याकडे पाठवला तर तो वाचू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. निखळलेला जबडा, अंगठ्यांना गॉज गुंडाळून खालच्या दाढांवर दाब देत खाली आणि मागे ढकलून बसवण्याची हिप्पोक्रेटिसच्या काळापासूनची रीत आजही उपयोगी आहे. खालच्या जबड्यातील कळ कधी हृदयविकाराची असते, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकारात निरोगी दातही विनाकारण काढले गेल्याची उदाहरणे वैद्यकात सर्वज्ञात आहेत. म्हणून दाढ काढण्याआधी दुखणे दाढेचेच आहे याची खात्री करणे हे डॉक्टरचे खरे कौशल्य ठरते. जिल्ह्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या भूजलाच्या भागात, या अपेक्षेला आणखी एक बाजू आहे: तेथील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची चिंता दीर्घकाळ व्यक्त होत आली असल्याने, दातदुखीवर सर्रास दिली जाणारी वेदनाशामके मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकतात, हे लक्षात घेऊनच तेथे औषध लिहावे लागते.

या व्यवस्थेने अनेकांचे जीव वाचवले आणि असंख्य माणसांचा ठणका थांबवला, हे मान्य करतानाच तिने काय गमावले तेही नोंदवणे आवश्यक आहे. ज्याच्या हाती फक्त चिमटा आहे त्याच्यापुढे दात काढणे हाच उपचार उरतो. त्यामुळे भरून किंवा मूळनलिका उपचाराने टिकल्या असत्या अशा कितीतरी दाढा खेड्यात काढल्या गेल्या, आणि उतारवयात दात जाणारच अशी समजूत त्यातून पक्की झाली. तंबाखू, मशेरी आणि सुपारीमुळे तोंडात उमटणारे पांढरे चट्टे, तोंड हळूहळू कमी उघडणे, न भरणारी जखम ही कर्करोगाची पूर्वलक्षणे दाढ दाखवायला आलेल्या रुग्णाच्या तोंडातच दिसतात. पण ठणका थांबवण्यापुरतेच तोंड उघडले गेले तर ती नजरेआड राहतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी मुखाच्या तपासणीची सवय बंदीने लागत नाही. ती दवाखान्यातच लागावी लागते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आणि जिल्ह्यातच एम. बी. बी. एस. डॉक्टर घडण्याची सोय प्रथमच झाली. देशाच्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात दंतक्षय, हिरड्यांचे रोग आणि मुखकर्करोग यांची तोंडओळख समाविष्ट आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ही तोंडओळख प्रत्यक्ष कौशल्यापर्यंत नेणे हे त्या महाविद्यालयाचे ठळक कार्य ठरू शकते. खालच्या दाढेला बधिर करण्याची सुई, योग्य चिमट्यांचा संच, निघालेला दात सांभाळण्याची रीत, मुखाची पद्धतशीर तपासणी आणि संबंधित रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकाशी ठरलेला संपर्क या गोष्टींना लागणारा खर्च फार मोठा नाही. १९४८ च्या कायद्याने डॉक्टरला अधिकार दिला आणि घाटावर-घाटाखालच्या गावांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाला शिक्षणाची आणि साधनांची जोड देणे हे गेल्या पाऊण शतकात राहून गेलेले काम आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य पोहोचेपर्यंत ते पुढे ढकलणे रुग्णांच्या हिताचे नाही.